काळ्या मातीवरचा हवा महाल : औसा तालुक्यातल्या एका गवंड्याच्या घराचं प्रकरण

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात, एका गावात, आठवडी बाजाराच्या रस्त्याला लागून, 30 फूट रुंद आणि 45 फूट खोल जागेवर एका गवंड्याने जयपूरच्यासारखा हवा महाल बांधायला घेतला होता. स्वतःला राहायला. शिक्षण सातवीपर्यंत. नकाशा म्हणजे दोनशे पानी शाळेची वही. पाया 2014 मध्ये काढला, तळमजल्याचा स्लॅब 2016 च्या दिवाळीच्या सुमारास ओतला, पहिला मजला 2018 मध्ये झाला. मधे लॉकडाऊनमध्ये काम थांबलं. मे 2022 मध्ये मिस्त्रींचा मला फोन आला तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या दर्शनी भिंतीचे सहा-सात थर चढले होते.

"साहेब, तिसऱ्या लायनीच्या इटा लावूलालो. पुढं जाऊ का थांबू, तेवढं येऊन बघून सांगा."

तिसरी लाइन म्हणजे तळमजला धरून तिसरा मजला. हा फोन त्यांनी स्वतःहून केला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. बांधकाम अडलं नव्हतं, कुणी नोटीस दिली नव्हती, भिंतीला समोरून एक केसही गेला नव्हता. पण कामात पंचवीस-तीस वर्षं घालवलेल्या माणसाच्या हाताला काहीतरी खटकत होतं.

मिस्त्री

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मिस्त्री चौदा वर्षांचे होते. आदल्या रात्री गणपती विसर्जनाहून उशिरा आले आणि बाहेर ओट्यावरच आडवे झाले, म्हणून वाचले. आत आजी होती. घर माळवदाचं होतं: दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, मातीत बांधलेल्या, आणि डोक्यावर लाकडी तुळयांवर हात-दीड हात पांढरीच्या मातीचा थर. उन्हाळ्यात अशा घरासारखा गारवा दुसरीकडे नाही. पण त्या भिंती आत एक आणि बाहेर एक अशा दगडांच्या दोन पदरांच्या असायच्या आणि मधे भरताड. दोन्ही पदर धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नसायचा. जमीन हलली की बाहेरचा पदर सुटायचा आणि माळवद सरळ खाली. जवळपास दहा हजार माणसं त्या पहाटे गेली, त्यातली बहुतेक आपल्याच घराच्या वजनाखाली.

पुढची काही वर्षं या भागात जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचं काम चाललं. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. मिस्त्री त्या कामावर आधी पाणी भरायला आणि मग घमेलं उचलायला लागले. गवंड्यांना तिथे प्रशिक्षण मिळायचं, या पोराला नाही. पण दारं-खिडक्यांच्या डोक्यावरून सगळ्या भिंतींना कवटाळणारा काँक्रीटचा पट्टा का घालायचा, हे त्याने शेजारी उभं राहून ऐकलं. "टोपल्याच्या काठाला जसं वेटोळं असतंय, तसा तो पट्टा," असं ते मला सांगतात. पट्ट्याची इतकी नेमकी समजूत मी पाठ्यपुस्तकातही वाचलेली नाही. नंतर पुण्यात साइटवर सेंटरिंग, मग सळईकाम, मग गावी परत येऊन स्वतःची कामं.

जयपूरची दोरी

हवा महाल त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो किराणा दुकानातल्या कॅलेंडरवर. 2012 मध्ये साठवलेले पैसे घेऊन ते दोन रात्रींसाठी जयपूरला गेले. सोबत सुतळीसारखी एक दोरी होती, प्रत्येक वितीवर गाठ मारलेली. ती अजून त्यांच्या घरात खिळ्याला लटकते. गाठी घामाने काळ्या पडल्यात, आणि एका टोकाला निळ्या दोऱ्याची खूण आहे. ती खूण म्हणजे झरोक्याच्या उंबऱ्यापासून कमानीच्या टोकापर्यंतची उंची.

हवा महाल सवाई प्रतापसिंहांनी 1799 मध्ये बांधून घेतला. कारागीर होते लालचंद उस्ताद. पाच मजले, सुमारे 50 फूट उंची, 953 झरोके. कृष्णाच्या मुकुटासारखा आकार आहे असं सांगतात. पडद्यातल्या राजस्त्रियांना खालच्या रस्त्यावरच्या मिरवणुका दिसाव्यात, पण त्या कुणाला दिसू नयेत, म्हणून ही जाळी. पाहणारे सगळे समोर उभे राहतात. समोरून तर आत जायला दारही नाही. मिस्त्री मागे गेले, आणि वहीची बरीच पानं त्या मागच्या अंगाचीच भरली आहेत. मागून इमारत साधी आहे. वरचे तीन मजले एकाच खोलीच्या जाडीचे आहेत. वर जायला जिन्यांऐवजी उताराच्या वाटा आहेत. वहीत एका पानावर पेन्सिलीने लिहिलंय: "वाऱ्याला आत यायचं तर भायेर जायाची वाट पायजे." त्याखाली बाण.

हे वाक्य त्यांनी घरात उतरवलं. पुढे जाळी, मागच्या भिंतीत उंचावर मोकळी तोंडं, आणि जिन्याच्या डोक्यावर छताला एक झाकणाचं भोक. त्याला ते 'सानं'च म्हणतात. माळवदाच्या घरात चुलीचा धूर आणि उजेड यांच्यासाठी जे सानं असायचं तेच हे. मे महिन्याच्या दुपारी अडीच वाजता वहिनींनी देवघरातली उदबत्ती आणून जाळीपाशी धरली. धूर आधी थोडा घोटाळला आणि मग सरळ आत वळून जिन्याकडे ओढला गेला. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. माठ त्यांनी बरोबर त्या वाटेवर ठेवला होता.

जयपूरच्या महालाचं रस्त्याकडचं तोंड उगवतीला आहे. इथलं मावळतीला. मिस्त्रींनी ते ध्यानात घेऊन जाळीची भोकं सरळ न ठेवता आतून बाहेर खाली उतरती ठेवली. त्यामुळे दुपारचं ऊन भोकाच्या कडेवरच अडतं. जाळ्या सिमेंटच्या, सागाच्या साच्यात त्यांनी स्वतः ओतलेल्या. साच्याला आतून एरंडेल लावायचे. साचा एकच, आणि रोज दोन जाळ्या निघायच्या.

काय बरोबर होतं

मी हातोडी, टेप आणि ओळंबा घेऊन दोन दिवस ते घर तपासलं. पुढचा सगळा भाग, म्हणजे मुख्य घर, उत्तम होता. जागेवर काळी माती सहा फूट, खाली मुरूम. मिस्त्रींनी पाया मुरमापर्यंत नेला होता, जोत्याला बीम होता, पट्टा होता. एका कॉलमचं कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फोडून पाहिलं तर उभ्या सळयांना कवटाळणाऱ्या रिंगांची टोकं नियमाप्रमाणे आत, गाभ्याकडे वळवलेली. शहरातल्या मोठ्या इमारतींतही मी ती टोकं नुसती काटकोनात सोडलेली पाहिली आहेत. भूकंपात कव्हर निखळलं की तशी रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. हे कुठे शिकलात विचारलं तर म्हणाले, पुण्यात एका सळईवाल्याने चुकीच्या रिंगा सगळ्या तोडायला लावल्या होत्या, तेव्हापासून हाताला तेच वळण.

पाण्याबाबतही तेच. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा यांचा स्लॅब तयार होता. सळई बांधलेली, सेंटरिंग उभं, भाडं चालू. त्यांनी ते सगळं तसंच ठेवलं, सळईवर ताडपत्री टाकली आणि पावसाळा होईपर्यंत थांबले. पाणी मारल्याशिवाय स्लॅब म्हणजे नुसता वाळलेला चिखल, असं त्यांचं म्हणणं. त्या काळात सेंटरिंगच्या भाड्यात त्यांचे बरेच पैसे गेले. आज तो स्लॅब हातोडीने वाजवला की घंटेसारखा खणखणतो.

काय चुकलं होतं

तीन गोष्टी. त्यातली एक किरकोळ, एक धोक्याची, आणि एक अशी की तिच्यावर आमची चार तास चर्चा झाली.

किरकोळ म्हणजे मागची पडवी. ती नंतर जोडली होती आणि तिचा पाया तीन फुटांवरच थांबला होता, काळ्या मातीत. ही माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा देते. त्यात मोरीचं पाणी पडवीच्या कोपऱ्यापाशीच मुरत होतं. मुख्य घर मुरमावर स्थिर आणि पडवी वर्षातून दोनदा वर-खाली, म्हणून सांध्यावर तिरपी भेग होती. मिस्त्रींनी ती तीनदा बुजवली होती आणि ती तीनदा उघडली होती.

धोक्याचं होतं ते पुढे काढलेल्या झरोक्यांचं. पहिल्या मजल्यावर दोन फूट बाहेर आलेले चार मोठे झरोके होते, विटांचे, वर विटांचाच घुमट. बाहेर काढलेल्या स्लॅबमध्ये ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळई वर असावी लागते. मिस्त्रींना हे माहीत होतं आणि त्यांनी बांधली ती वरच. पण मी एका झरोक्याच्या उंबऱ्याशी छिन्नीने फोडलं तर पाच इंची स्लॅबमध्ये सळई तीन इंच खोल सापडली. माल टाकताना घमेलीवाल्यांचे पाय पडून ती दबली होती. सळई वर धरून ठेवणारे खालचे खुर्चीचे तुकडे विरळ होते. मिस्त्री गुडघ्यावर बसून त्या भोकात बोट घालून सळई चाचपत राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत.

वजनाचा हिशेब मी त्यांच्याच वहीत मांडला. साडेचार इंची विटांचा, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेला एक झरोका, घुमटासकट, जवळपास एक टन भरत होता. तोच आकार सळईच्या बारीक सांगाड्यावर कोंबडीजाळी ताणून एक इंच जाड फेरोसिमेंटमध्ये केला तर पाव टन. भूकंपात इमारतीला जो हिसका बसतो तो तिच्या वजनाच्या प्रमाणात असतो, आणि अशा बाहेर काढलेल्या भागांसाठी आपली मानक संहिता नेहमीच्या कित्येक पट उभा जोर धरायला सांगते. जयपूर भूकंपाच्या दृष्टीने कमी धोक्याच्या पट्ट्यात आहे. आपला हा भागही 1993 पर्यंत सर्वांत कमी धोक्याचा मानला जात होता, आणि किल्लारीनंतर त्याला वरच्या श्रेणीत टाकावं लागलं.

तिसरी गोष्ट आकाराची. हवा महाल वर जाताना निमुळता होतो. प्रत्येक मजला खालच्यापेक्षा आखूड. वजन खाली, वर हलकं, त्यामुळे तो डोलला तरी कमी डोलतो. मिस्त्रींच्या वहीत हा निमुळता आकार बरोबर काढलेला होता, वितींसकट. पण घर बांधताना त्यांनी दर्शनी भिंत तिन्ही मजल्यांना पूर्ण 30 फूट ठेवली, कारण वर दोन पोरांसाठी आणि सुनेसाठी तीन खोल्या हव्या होत्या. त्यावर आणखी दोन मजले याच रुंदीत नेणार होते. म्हणजे झरोके उचलले, घुमट उचलले, कमानी उचलल्या, आणि ज्या एका गुणामुळे तो महाल दोनशे वर्षांवर उभा आहे तोच मागे राहिला.

मी हे सांगितलं तेव्हा ते दुखावले. "पाच मजले न्हाईत तर हवा महाल कसला? मग साधं घरच बांधलं असतं की."

मला हे बोलणं चुकीचं वाटलं नाही. अशा घरांना आपण सहज 'हौस' म्हणून बाजूला टाकतो. ज्या माणसाची आजी घराखाली गेली त्याने पंचवीस वर्षं दुसऱ्यांची घरं बांधून शेवटी स्वतःला महाल बांधावा, यात हौसेपेक्षा बरंच काही आहे. म्हणून "तीनवर थांबा" असा कागद लिहून देऊन मी निघून आलो नाही. एका बँकेच्या मूल्यांकनाला आलेल्या गृहस्थांनी आधीच एकदा तसं केलं होतं.

चर्चेत मी त्यांना औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बीबी का मकबऱ्याची आठवण दिली. मराठवाड्यातली सगळ्यांत प्रसिद्ध नक्कल तीच, ताजमहालाची. सतराव्या शतकात औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिच्या स्मरणार्थ बांधलेली. वास्तुकार अताउल्ला, म्हणजे ताजमहालाच्या उस्ताद अहमद लाहोरींचाच मुलगा. बापाची इमारत समोर, पण हातात पैसा तोकडा: खर्च 6,68,203 रुपये 7 आणे झाल्याची नोंद आहे. मग त्याने संगमरवर कुठे लावला आणि कुठे नाही? मिस्त्रींनी माझ्याआधी उत्तर दिलं. त्यांनी तिथेही हात लावून पाहिलं होतं. "खाली कमरेएवढा, आन वर घुमटाला. मधी आपला काळा दगड, त्यावर चुन्याचा गिलावा." माणसाचा हात लागतो तिथे आणि लांबून नजर जाते तिथे. हे बोलता बोलता ते थांबले आणि वही उघडून हवा महालाच्या मागच्या अंगाचं पान काढलं.

"साहेब, तिथंबी वरचे मजले ऱ्हायला न्हाईतच. एकच खोली जाडीचे हाईत. बघायलाच हाईत."

उपाय तिथून निघाला, आणि तो त्यांचा होता. वरचे दोन मजले पोकळ करायचे, पाइपच्या सांगाड्यावर फेरोसिमेंटचे, दर मजल्याला दोन्ही बाजूंनी आखूड होत जाणारे. त्यात माणूस राहणार नाही, फक्त वारा जाईल आणि साफसफाईला एक शिडी. दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांच्या दोन कराव्या लागणार होत्या, म्हणजे दर्शनी भाग तिथूनच आत घेता येईल. खोली सोडायला मिस्त्री तयार होईनात. वहिनी दारात धान्य पाखडत बसल्या होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, "मुकुट हाय म्हणता, तर मुकुट वर बारीकच असतोय की. पोरं झोपतील खाली." तो विषय तिथे मिटला.

काम

पावसाळा संपल्यावर चारही विटांचे झरोके उतरवले. विटा एकेक सोडवून घेतल्या, शेतातल्या विहिरीच्या कठड्याला लागल्या. बाहेर आलेल्या स्लॅबचा वरचा भाग खरवडून नव्या सळया वर बसवल्या आणि आत घरात चार फूट मागे नेऊन अडकवल्या. बाहेर जेवढं काढायचं त्याच्या दीडपट तरी आत धरून ठेवायला हवं, इथे दुप्पट झालं. खालून प्रत्येकाला दोन ब्रॅकेट दिले. माल टाकताना मिस्त्रींनी सळईवर फळ्या टाकल्या आणि स्वतः फळीवर उभे राहिले. कुणाचा पाय खाली पडू दिला नाही.

फेरोसिमेंट त्यांनी पूर्वी केलं नव्हतं. पहिला घुमट बिघडला: जाळी सैल होती, थापीने दाबलं की आत जायची आणि सोडलं की फुगायची. दुसऱ्यात त्यांनी दोन माणसं ठेवली, एक बाहेरून माल दाबणारा आणि एक आतून लाकडी ठोकळा धरणारा. तिसऱ्यापासून हात बसला. कच आणि सिमेंट दोनास एक, पाणी अगदी बेताचं, आणि चौदा दिवस ओलं गोणपाट.

पावसाने एक धडा दिला. जयपूरपेक्षा आपल्याकडे पाऊस जास्त, आणि तो पश्चिमेकडून, म्हणजे थेट जाळीवर येतो. 2023 च्या जुलैत पहिल्या मजल्यावरच्या गाद्या भिजल्या. मग झरोक्यांच्या आतल्या फरशीला बाहेरच्या बाजूला उतार दिला, छज्ज्यांच्या खालच्या कडेला पाणी तोडायला बोटभर खाच काढली आणि आतून लाकडी झडपा लावल्या. झडपा जूनमध्ये लागतात आणि दसऱ्याला निघतात.

घर 2024 च्या उन्हाळ्यात रंगवलं. गुलाबी नाही. मिस्त्रींनी काव आणि चुना मिसळून आपल्या मातीच्या घरांना असायचा तसला तांबूस रंग दिला. उंची 36 फूट, झरोके मोजून 95. साडेनऊशेचा दहावा हिस्सा असा त्यांचा हिशेब. मागची भिंत त्यांनी मुद्दाम गिलावा न करता ठेवली आहे. पट्टा, बीम, कॉलम सगळं उघडं दिसतं, आणि आता तालुक्यातले तरुण गवंडी येऊन आधी ती भिंत बघतात.

पडवीचं काम मात्र अपुरं आहे. मोरीचं पाणी वीस फूट लांब शोषखड्ड्यात नेलं, भोवतीने पाच फुटांची फरशी टाकली, पडवी मुख्य घरापासून सांधा ठेवून मोकळी केली. भेगेवर मी काचेची एक पट्टी चिकटवली होती. भेग हलली की काच तडकते. पावसाळाभर ती टिकली. फेब्रुवारीत मिस्त्रींनी फोटो पाठवला: पट्टी मधोमध फुटलेली. कोपऱ्यातलं लिंबाचं झाड काळ्या मातीतलं पाणी ओढतंय असा माझा अंदाज आहे. झाड आजीने लावलेलं आहे, ते तोडायचं नाही. येत्या पावसाळ्याआधी पडवीच्या त्या कोपऱ्याखालची माती टप्प्याटप्प्याने, एका वेळी तीन फूट, काढून मुरमापर्यंत काँक्रीट उतरवायचं ठरलंय. मजूर मिस्त्रींनी सांगून ठेवलेत.